इंबोल्क

आयर्लंडमध्ये १ फेब्रुवारीला साजरा होणारा वसंतारंभाचा सण. ख्रिस्ती परंपरेतील संत ब्रिजिडच्या स्मृतिदिनाशी तो एकरूप झालेला असून आधुनिक आयरिश भाषेत त्याला ‘लॉ एले ब्रीडे’, म्हणजे ब्रिजिडच्या सणाचा दिवस, असे म्हणतात. जुन्या आयरिश कालगणनेत वर्षाचे चार भाग पाडणारे चार दिवस मानले जात : सॉविन (१ नोव्हेंबर), इंबोल्क (१ फेब्रुवारी), ब्याल्टना (१ मे) आणि लूनसा (१ ऑगस्ट). दिवसाचा आरंभ सायंकाळी धरण्याच्या पद्धतीमुळे सणाचे बहुतेक विधी ३१ जानेवारीच्या रात्रीच होतात. हवामानशास्त्राच्या हिशेबाने वसंत १ मार्चला सुरू होत असला, तरी आयरिश जनमानसात तो आजही १ फेब्रुवारीपासूनच मोजला जातो.

सणाच्या नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. इ. स. ९०० च्या सुमाराच्या ‘सानस कोर्मिक’ या शब्दकोशात (त्याचे कर्तृत्व कॅशलचा राजा व बिशप कोर्मक मॅक कुलेनन, मृत्यू ९०८, याच्याकडे दिले जाते) ‘ओइमेल्क’ असे रूप देऊन त्याचा अर्थ ‘मेंढीचे दूध’ असा लावला आहे. मेंढ्यांना दूध उतरण्याचा हा काळ, असे तेथील स्पष्टीकरण आहे. कू खुलन या वीराने एमरला घातलेल्या मागणीच्या मध्ययुगीन कथेतही हेच रूप येते आणि तो वसंताचा आरंभ असल्याचे सांगितले जाते. हे स्पष्टीकरण पशुपालक समाजाला शोभणारे असल्याने लोकप्रिय ठरले. तथापि बहुतेक अभ्यासक आता ते ध्वनिसाम्यावर बेतलेले, मागाहून सुचलेले मानतात. ‘पोटात’ या अर्थाच्या शब्दसमूहापासून हे नाव आले व ते गाभण मेंढ्यांना उद्देशून आहे, असे दुसरे मत आहे. भाषाशास्त्रज्ञ जोसेफ व्हाँद्रिएस यांनी धुणे, स्वच्छ करणे या अर्थाच्या जुन्या आयरिश धातूशी त्याचा संबंध जोडून रोमन लोकांच्या फेब्रुवारीतील शुद्धिविधींकडे लक्ष वेधले, तर भाषाशास्त्रज्ञ एरिक हॅम्प यांनी दूध आणि शुद्धी हे दोन्ही अर्थ वाहणारे मूळ सुचवले. इंबोल्कला प्रत्येक अन्न क्रमाने चाखावे आणि हात, पाय व डोके धुवावे, असे सांगणारे एक मध्ययुगीन आयरिश कडवे उपलब्ध आहे. ते पाहता शुद्धीचा अर्थ सर्वस्वी टाकून देता येत नाही.

सणाच्या प्राचीनतेबद्दलही सावधगिरी आवश्यक आहे. मीथ परगण्यातील टारा टेकडीवर ‘ओलिसांचे टेकाड’ म्हणून ओळखले जाणारे नवाश्मयुगीन थडगे आहे. त्याच्या मार्गिकेत नोव्हेंबर व फेब्रुवारीच्या आरंभीचा सूर्योदय शिरतो, यावरून सण पाच हजार वर्षांचा असल्याचे सर्रास सांगितले जाते. मात्र ही मार्गिका जेमतेम चार मीटर लांबीची असल्याने तीवरून विशिष्ट दिवस निश्चित करणे कठीण आहे. शिवाय थडगे बांधणारे लोक आयरिश ज्या कुळातली आहे ती केल्टिक भाषा बोलत होते असे मानण्यास आधार नाही. लेखी पुरावा पाहता सण मध्ययुगापूर्वीचा असावा, इतकेच म्हणणे सुरक्षित आहे.

ब्रिजिड ही ऐतिहासिक संत की मूळची देवी, हा वाद याहून गुंतागुंतीचा आहे. परंपरेनुसार संत ब्रिजिड सुमारे ४५१ ते ५२५ या काळात होऊन गेली व तिने किल्डेअर येथे मठ स्थापन केला. तिचे लॅटिन चरित्र कोगितोसुस या मठवासी लेखकाने सातव्या शतकात, म्हणजे तिच्यानंतर शतकाहून अधिक काळाने, लिहिले. उपर्युक्त शब्दकोशात मात्र ब्रिजिड ही डाग्डा या देवाची कन्या व कवींची आराध्यदेवता म्हणून येते. तिच्या त्याच नावाच्या दोन बहिणींपैकी एक वैद्यकाची व दुसरी लोहारकामाची देवता होती. हे नाव ‘उन्नत’ या अर्थाचे असून संस्कृतमधील ‘बृहती’ शब्दाशी त्याचे नाते भाषाशास्त्रज्ञांना मान्य आहे. देवीलाच पुढे संतपद मिळाले, असे मत दीर्घकाळ प्रचलित होते. देवतेच्या आख्यायिका एका ऐतिहासिक मठाधिपतीभोवती जमा झाल्या असाव्यात, हा पर्याय अधिक सयुक्तिक वाटतो. किल्डेअरच्या अखंड अग्नीचा दाखलाही याच संदर्भात दिला जातो. वेल्सचा गेराल्ड या धर्मगुरू-लेखकाने ११८८ च्या सुमारास वर्णन केल्याप्रमाणे एकोणीस जोगिणी आळीपाळीने एकेक रात्र हा अग्नी राखत व विसाव्या रात्री तो ब्रिजिडवर सोपवला जाई. भोवतीचे कुंपण ओलांडण्याची पुरुषांना मनाई होती. परंतु हे वर्णन ब्रिजिडच्या पारंपरिक मृत्युवर्षानंतर साडेसहा शतकांनी लिहिलेले आहे. सोळाव्या शतकातील प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळापर्यंत हा अग्नी विझला होता. १९९३ मध्ये तो किल्डेअर येथे पुन्हा प्रज्वलित करण्यात आला.

लोकाचाराची माहिती त्यामानाने विपुल आहे, कारण आयरिश लोकसाहित्य आयोगाने १९४२ मध्ये या सणाविषयी देशभर प्रश्नावली पाठवली होती. लव्हाळ्याचा क्रूस विणून दारावर वा आढ्याला लावणे हा सर्वांत परिचित आचार होय. लव्हाळा कापायचा नसून उपटायचा, असा दंडक अनेक ठिकाणी होता. गवताने शाकारलेल्या घराचे आगीपासून रक्षण हा या क्रुसाचा मुख्य हेतू मानला जाई. चार भुजांचा क्रूस सर्वत्र दिसतो. तीन भुजांचा मुख्यतः उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात आढळतो व तो गोठ्यात लावत. काही भागांत लव्हाळ्याची मोळी घेतलेली व्यक्ती बाहेरून तीनदा दार ठोठावून ब्रिजिडला आत घेण्याची विनंती करी आणि घरातील माणसे तिचे स्वागत करीत. रात्री बाहेर ठेवलेल्या ‘ब्रॅट ब्रीडे’ या कापडात डोकेदुखी बरी करण्याची शक्ती येते, अशी समजूत होती. पश्चिमेकडील कॉनाक्ट प्रांतात गवताच्या दोरीच्या मोठ्या वेटोळ्यातून (‘क्रिस ब्रीडे’) आरोग्यासाठी पार होत. नैर्ऋत्य भागात या दिवशी चरखा किंवा गाडीचे चाक फिरवणे वर्ज्य असे. ब्रिजिडची बाहुली (‘ब्रीडोग’) घेऊन घरोघर फिरणारी मुखवटाधारी ‘बिडी’ मंडळी केरी परगण्यात अजूनही निघतात. पवित्र विहिरींची यात्रा इतर संतांच्या सणांप्रमाणेच होते.

२०२३ पासून आयर्लंड प्रजासत्ताकात या सणाची सार्वजनिक सुट्टी असते. ती फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी येते. १ फेब्रुवारीला शुक्रवार असल्यास मात्र त्याच दिवशी दिली जाते. पहिली सुट्टी ६ फेब्रुवारी २०२३ रोजी झाली. देशात स्त्रीच्या नावाने असलेली ही पहिलीच सार्वजनिक सुट्टी होय. १७ मार्चच्या संत पॅट्रिकच्या दिवसाला १९०३ च्या कायद्याने हे स्थान पूर्वीच मिळालेले होते. स्कॉटलंड व आइल ऑफ मॅन येथेही ब्रिजिडचा सण परिचित आहे. विसाव्या शतकातील नवपेगन (ख्रिस्तपूर्व धर्मांचे पुनरुज्जीवन करू पाहणाऱ्या) पंथांनी इंबोल्क आपल्या वर्षचक्रात घेतला असून दक्षिण गोलार्धातील त्यांचे अनुयायी तो १ ऑगस्टच्या सुमारास पाळतात.