मधुमेही चेताविकृतीतील पादवेदना

मधुमेहात रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की परिघीय चेतातंतूंना (मेंदू व मज्जारज्जूबाहेरील नसांना) इजा पोहोचते. काही रुग्णांत त्यातून पावलांची जळजळ, सुया टोचल्यासारखी वेदना, मुंग्या, विजेसारखी क्षणिक कळ अथवा पांघरुणाच्या नुसत्या स्पर्शानेही होणारा त्रास उद्भवतो. या लक्षणसमूहास मधुमेही चेताविकृतीतील पादवेदना म्हणतात. वेदना बहुधा दोन्ही पायांत सारखी, बोटांपासून सुरू होऊन वर चढणारी आणि रात्री वाढणारी असते. मधुमेहींपैकी सुमारे निम्म्यांना आयुष्यात केव्हा ना केव्हा परिघीय चेताविकृती होते असे मानले जाते. वेदना मात्र त्यांतील काहींनाच होते आणि तिचे प्रमाण निकषांनुसार इतके बदलते की एकच आकडा देणे धाडसाचे ठरेल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख व्यक्तींना मधुमेह आहे, यावरून प्रश्नाच्या व्याप्तीची कल्पना यावी.

इतिहास व कारणमीमांसेतील मतभेद : चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाच्या (आजच्या मधुमेहाला जवळच्या मूत्ररोगाच्या) पूर्वरूपांमध्ये हातापायांची बधिरता व दाह यांचा, तर सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात तळहात-तळपायांच्या दाहाचा उल्लेख आहे. या संहितांचा काळ निश्चित करता येत नाही, कारण त्यांची आजची रूपे अनेक संस्करणांतून सिद्ध झाली आहेत. चरकसंहितेत दृढबल या नंतरच्या संस्कारकाने घातलेली भर मुख्यतः चिकित्सा, कल्प व सिद्धी या स्थानांतील असल्याने निदानस्थानातील हा उल्लेख त्याच्या पूर्वीचा मानण्यास हरकत दिसत नाही. तथापि या वचनांवरून प्राचीन वैद्यांना मधुमेही चेताविकृती ठाऊक होती असा निष्कर्ष काढताना दोन अडचणी येतात. एक म्हणजे प्रमेहाच्या वीस प्रकारांत आज वेगळे मानले जाणारे अनेक मूत्रविकार सामावलेले आहेत. दुसरी म्हणजे संहितांत दाह व बधिरता ही रोग प्रकट होण्यापूर्वीची चिन्हे आहेत, तर आधुनिक वैद्यकात ती रोगाच्या उपद्रवांत मोडतात. मधुमेहपूर्व अवस्थेतही सूक्ष्म चेतातंतूंना इजा झाल्याचे आढळत असल्याने दुसरी अडचण काहीशी सौम्य होते. पहिली मात्र कायम राहते.

यूरोपीय वैद्यकात वाद निराळ्या दिशेने झाला. क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८४९ च्या सुमारास सशाच्या मेंदूतील चौथ्या निलयाच्या (द्रवाने भरलेल्या पोकळीच्या) तळाला सुईने इजा केली असता मूत्रात साखर उतरते, असे दाखवून दिले. त्यामुळे चेतासंस्थेचा विकार हे मधुमेहाचे कारण असावे, ही समजूत बळावली आणि मधुमेहींच्या पायांतील वेदना त्या मूळ विकाराची खूण म्हणून पाहिल्या जाऊ लागल्या. मार्शाल द काल्व्ही या फ्रेंच वैद्याने १८६४ मध्ये हा कार्यकारणभाव उलटा असल्याचे, म्हणजे मधुमेहामुळेच चेतातंतू बिघडतात असे प्रतिपादन केले. लंडनचे वैद्य फ्रेडरिक पेव्ही यांनी १८८५ मध्ये केलेले पायांचे जडपण, बधिरता व रात्री उसळणाऱ्या कळा यांचे वर्णन आजच्या रुग्णालाही जसेच्या तसे लागू पडते. द काल्व्हीचे मत पुढे सर्वमान्य झाले, परंतु बिघाड नेमका कशाने होतो हा वाद विसाव्या शतकात चालूच राहिला. चेतातंतूंना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या अरुंद होतात, असे एक मत वोल्टमन व वाइल्डर यांच्या १९२९ मधील शवपरीक्षणांनंतर प्रबळ झाले. जादा ग्लुकोजचे आल्डोज रिडक्टेज या विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने सॉर्बिटॉलमध्ये रूपांतर होते व ते तंतूंना बाधक ठरते, हे दुसरे मत १९६० नंतर पुढे आले. दुसऱ्या मतावरून त्या विकरास अडवणारी अनेक औषधे बनविण्यात आली, पण मानवी चाचण्यांत बहुतेक निष्प्रभ किंवा अपायकारक ठरली. एपालरेस्टॅट हे एक जपानमध्ये व भारतात वापरात राहिले आहे. प्रथिनांचे शर्करीभवन आणि ऑक्सिडीकरणाचा ताण हे घटकही आता विचारात घेतले जातात. ही सर्व कारणे एकाच वेळी व परस्परांना पोसत कार्य करतात, हे मत उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते.

वेदनेची प्रक्रिया : शरीरातील सर्वांत लांब तंतू पावलांपर्यंत पोहोचत असल्याने इजा तेथे प्रथम दिसते. उष्णता व वेदना यांच्या संवेदना वाहणारे बारीक तंतू खराब होताना त्यांच्या पटलांवरील सोडियम मार्गिका (सोडियमचे कण आत सोडणारी सूक्ष्म द्वारे) अकारण उघडू लागतात आणि बाहेरून काहीही न लागता संदेश मज्जारज्जूकडे जातात. तेथील पेशी हळूहळू अतिसंवेदनशील होतात व मेंदूकडून खाली येणारे वेदनाशामक नियंत्रण दुबळे पडते. सारखीच इजा झालेल्या दोघांपैकी एकालाच वेदना का व्हाव्यात, याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. काही रुग्णांत सोडियम मार्गिकांच्या जनुकांतील भेद आढळले आहेत. एकाच पावलाला आग आणि बधिरता दोन्ही असू शकतात. वेदना आपोआप ओसरली तर ते चेतातंतू सुधारल्याचे लक्षण असतेच असे नाही, उरलेले तंतूही निकामी झाल्याने तसे घडू शकते.

निदान : निदान मुख्यतः लक्षणे व पावलांची तपासणी यांवरून होते. १० ग्रॅम दाबाचा नायलॉन तंतू, १२८ हर्ट्झचा नादकाटा, टाचणीची टोच आणि घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया एवढ्यावर प्राथमिक तपासणी होऊ शकते. चालताना पायातली चप्पल निसटली तरी न कळणे ही रुग्णाने सांगितलेली तक्रार येथे फार मोलाची असते. बारीक तंतूंपुरत्या मर्यादित विकारात चेतासंवहनाची विद्युत्‌चाचणी निर्दोष येऊ शकते, म्हणून तिच्या आधारे वेदना काल्पनिक ठरवणे चूक होय. पायांतील प्रत्येक वेदना मधुमेहाची नसते. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव (दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत व शाकाहारींत विशेष), मद्यपान, अवटू (थायरॉइड) ग्रंथीची मंदता, मूत्रपिंडाचा विकार, क्षयावरील आयसोनियाझिड, कमरेतील दबलेली नस आणि पायांच्या धमन्यांतील अडथळा वगळावा लागतो. महाराष्ट्रात कुष्ठरोग अद्याप आढळतो. बधिर चट्टा किंवा जाड झालेली नस सापडल्यास त्याचा विचार अगत्याचा आहे.

उपचार : पहिल्या प्रकारच्या मधुमेहात साखरेचे काटेकोर नियंत्रण चेताविकृतीचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी घटविते, हे अमेरिका व कॅनडातील १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने सिद्ध केले. दुसऱ्या प्रकारात हा लाभ बराच कमी असून तेथे वजन, रक्तदाब, रक्तातील मेद व तंबाखू यांकडेही लक्ष द्यावे लागते. झालेली वेदना केवळ साखर उतरल्याने थांबते, याला भक्कम पुरावा नाही. उलट दीर्घकाळ वाढलेली साखर एकदम खाली आणल्यावर काही आठवड्यांत तीव्र पादवेदना सुरू झाल्याची उदाहरणे आहेत. काराव्हाटी या डॉक्टराने १९३३ मध्ये इन्शुलिन सुरू केल्यानंतरचा असा रुग्ण नोंदविल्याने या प्रकाराला इन्शुलिनचे नाव चिकटले, परंतु तो गोळ्यांनी किंवा नुसत्या आहारनियमनानेही होतो. तीन महिन्यांत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारा रक्तचाचणीचा आकडा) दोन टक्के-अंकांहून अधिक घसरल्यास धोका वाढतो. अशा वेळी रुग्णाने औषधालाच दोष देऊन ते सोडू नये. ही वेदना बहुधा काही महिन्यांत ओसरते.

पॅरासिटॅमॉल व डायक्लोफेनॅकसारख्या नेहमीच्या वेदनाशामकांचा येथे फारसा उपयोग होत नाही आणि डायक्लोफेनॅकने आधीच नाजूक असलेल्या मूत्रपिंडांना अपाय होण्याची भीती असते. प्रथम पसंतीची औषधे तीन गटांतील आहेत. अमिट्रिप्टिलीन रात्री १० मिग्रॅ.पासून सुरू करून सावकाश ७५ मिग्रॅ.पर्यंत वाढवितात, ते स्वस्त आहे, परंतु काचबिंदू, पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीची वाढ व हृद्‌रोग असलेल्या वृद्धांत टाळावे लागते. ड्युलॉक्सेटीन दिवसाला ६० मिग्रॅ. देतात, यकृताच्या किंवा तीव्र मूत्रपिंडविकारात ते देत नाहीत. प्रीगॅबालीन (दिवसाला १५० ते ६०० मिग्रॅ.) व गॅबापेंटिन यांनी गुंगी, पायांवर सूज व वजनवाढ होऊ शकते आणि मूत्रपिंडाच्या क्षमतेनुसार मात्रा घटवावी लागते. यांतील श्रेष्ठ कोणते, हा वाद ब्रिटनमधील २०२२ च्या एका तुलनात्मक चाचणीने बराचसा निकाली काढला असे म्हणता येईल. १३० रुग्णांच्या या चाचणीत अमिट्रिप्टिलीन, ड्युलॉक्सेटीन व प्रीगॅबालीन यांपैकी कोणत्याही औषधाने सुरुवात करून गरजेनुसार दुसरे जोडले असता वेदनेचा सरासरी गुणांक १० पैकी ६.६ वरून ३.३ वर आला आणि तिन्ही क्रमांत मोठा फरक पडला नाही. म्हणजे निवड रुग्णाच्या इतर व्याधी, झोप व ऐपत पाहून करावी. निम्म्याने वेदना कमी होणे हेच यश समजले जाते, हे रुग्णाला प्रारंभीच सांगितलेले बरे. ही औषधे वेदना दडपतात, तंतू दुरुस्त करीत नाहीत. ती एकाएकी बंद न करता मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते.

भारतात प्रीगॅबालीन व मिथिलकोबालामिन (ब-१२ चे एक रूप) यांच्या एकत्रित गोळ्या सर्रास लिहून दिल्या जातात. ब-१२ ची उणीव नसताना त्यातील दुसऱ्या घटकाने वेदना कमी होतात याचा पुरावा क्षीण आहे. ट्रॅमाडॉल व तत्सम अफूसदृश औषधांचा दीर्घकाळ वापर आता शिफारशींतून मागे पडला आहे. मिरचीतील कॅप्सेसीनचा ८ टक्के पट्टा तीस मिनिटे पावलांवर लावल्यास काही महिने आराम मिळू शकतो. अमेरिकेत त्याला या वेदनेसाठी २०२० मध्ये मान्यता मिळाली. औषधांना दाद न देणाऱ्यांसाठी मज्जारज्जूला विद्युत्‌स्पंद देणारे यंत्र बसविण्याचा पर्याय असून तो खर्चिक आहे.

पायांची निगा : वेदनेवरील उपचाराने बधिर पावलाचे रक्षण होत नाही, म्हणून निगा स्वतंत्रपणे राखावी लागते. आग होते म्हणून पाय थंडगार पाण्यात तासन्‌तास बुडवून ठेवणे किंवा मुंग्या येतात म्हणून गरम पाण्याचा शेक घेणे या दोन्ही सवयी घातक आहेत. शेकाने भाजल्याचे रुग्णाला कळतही नाही, म्हणून पाय धुण्याच्या पाण्याचीही ऊब घरातील दुसऱ्या माणसाने हाताने पाहावी. नवस, वारी किंवा देवदर्शनासाठी तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणे टाळावे. मऊ एमसीआर (सूक्ष्मरंध्री रबर) तळव्याची व मागे पट्टा असलेली पादत्राणे भारतात प्रथम कुष्ठरुग्णांसाठी रूढ झाली. त्यामागे वेल्लोर येथे पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकांनी बधिर पावलांवर केलेल्या कामाचा मोठा वाटा आहे.

महाराष्ट्रात तळपायांच्या आगीवर काशाच्या वाटीने तूप किंवा तेल घासण्याची जुनी पद्धत आहे. तिने काहींना झोप लागते, परंतु मधुमेही वेदनेवर तिची पुरेशी पद्धतशीर परीक्षा झालेली दिसत नाही. घासताना तळपाय काळे पडतात ते धातू व तेल यांच्या घर्षणामुळे. त्यावरून अंगातील उष्णता मोजता येत नाही. भेगा, फोड किंवा कुरूप असलेल्या अथवा पूर्ण बधिर झालेल्या पावलावर वाटी फिरवू नये.