पार्श्वभूमी : रस्त्यावरच्या गाडीला ऑइल कूलर

माहितीपत्रकात 'ऑइल कूलर' असं स्वच्छ छापलेलं असतं आणि बॉनेट उघडून पाहिलं तर रेडिएटरच्या आसपास तसं काहीच दिसत नाही. रस्त्यावरच्या गाडीला ऑइल कूलर असतो का आणि तो हवाच का, हा वाद बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो. कूलर असतो. फक्त तो ऑइल फिल्टर आणि इंजिन ब्लॉक यांच्या मधे, मुठीएवढ्या डब्यात बसलेला असतो आणि त्याला वारा लागतच नाही.

अगदी सुरुवातीच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १९०८ ते १९२७ या काळात बनलेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्ये ऑइल पंपच नव्हता. फ्लायव्हील ऑइल उडवायचं आणि ते जमेल तिथे पोचायचं. विमानांच्या आणि शर्यतीच्या इंजिनांना ऑइलचा वेगळा रेडिएटर लागे, पण तो प्रश्न वेगळा. साध्या गाडीपुढे ऑइल तापण्याचा प्रश्न उभा राहिला १९३० च्या दशकात, न थांबता दामटता येतील असे लांब सरळ रस्ते तयार झाले तेव्हा. तोवर गाडी थोडा वेळ जोरात पळायची आणि पुढच्या वळणावर ऑइलला उसंत मिळायची. ती उसंत गेली.

त्याच दशकात आखलेल्या फोक्सवॅगन बीटलमध्ये कूलंट, म्हणजे इंजिन थंड करणारं पाणी, नव्हतंच. जेमतेम अडीच लिटर ऑइल आणि पंख्याची हवा, एवढ्यावर इंजिन चालायचं. तिथे ऑइल कूलर ही चैन नव्हती, गरज होती. पण तो बसवला पंख्याच्या आवरणात, बरोबर तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेवर. ऑइल थंड करून तापलेली हवा त्या सिलिंडरच्या वाट्याला यायची आणि त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आधी जळायचा. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूला सरकवून त्याला स्वतंत्र हवा देण्यात आली. ऑइल थंड करायची किंमत दुसऱ्या कुणाला तरी मोजावी लागते, याचा याहून बोलका दाखला मला माहीत नाही. पोर्शे ९११ चं इंजिनही हवेवरच थंड व्हायचं; तिच्या १९६९ च्या 'एस' आवृत्तीत इंजिन मागे आणि जादा कूलर पुढच्या मडगार्डमध्ये, म्हणजे ऑइल गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरून यायचं.

पाण्याने थंड होणाऱ्या गाड्यांत मात्र ग्रिलमागचा कूलर आला तो निम्मा गरजेपोटी आणि निम्मा मिरवायला. १९६० च्या दशकातल्या छोट्या स्पोर्ट्स गाड्यांत तो हमखास दिसतो. ऑइल तापेपर्यंत कूलरची वाट बंद ठेवणारा थर्मोस्टॅट बहुधा नसायचा, त्यामुळे थंडीत ऑइल तापायचंच नाही आणि मालक मंडळी कूलरवर पुठ्ठा बांधून फिरायची. हे चित्र लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ त्यात आहे: ऑइल जास्त गरम असणं वाईट, तसं ते पुरेसं गरम न होणंही वाईट. त्यात साचलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जायला ऑइल १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचावं लागतं. रोज ७० अंशांवरच अडकणाऱ्या ऑइलचं काय होतं, ते ऑइल भरायच्या झाकणाखाली जमलेली पिवळट साय सांगते.

आता तो शब्द. 'ऑइल कूलर' या एका नावाखाली दोन उपकरणं नांदतात. पहिलं हवेचं: पुढे लावलेला छोटा रेडिएटर, दोन नळ्या, चार जोड. ते फक्त थंड करू शकतं. दुसरं कूलंटचं: फिल्टरखालचा पत्र्यांच्या थरांचा डबा, ज्यात एका फटीतून ऑइल जातं आणि शेजारच्या फटीतून कूलंट. हा खरं तर उष्णता बदलून घेणारा मध्यस्थ आहे. कूलंट ऑइलच्या बरंच आधी तापतं, म्हणून गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं हा 'कूलर' ऑइलला ऊब देत असतो. कूलंट ९० अंशांना स्थिरावलं की ऑइल त्याच्या वर फार पळू नये एवढं तो बघतो, आणि ऑइलला कूलंटपेक्षा खाली तर तो नेऊच शकत नाही. भाषेने मात्र त्याच्या एकाच बाजूला नाव दिलं. गिअरबॉक्सच्या ऑइलसाठी असतो तो कूलरही याच नावाने ओळखला जातो, आणि १९८५ च्या सुझुकी जीएसएक्स-आर ७५० पासून मोटरसायकलींत 'ऑइल-कूल्ड' हा शब्द रूढ झाला, जिथे ऑइलला कुणी थंड करतं एवढंच नव्हे, तर ऑइलच सिलिंडर हेडला थंड करतं. मग 'माझ्या गाडीत ऑइल कूलर आहे' या वाक्याचे निदान तीन अर्थ होतात आणि तिघेही भांडणारे आपापल्या जागी बरोबर असतात.

फिल्टरखालच्या डब्याचंही दुखणं आहेच. आतली सील गेली की इंजिन चालू असताना जास्त दाबाचं ऑइल कूलंटमध्ये शिरतं आणि कूलंटच्या टाकीत तपकिरी लगदा दिसतो. लोक हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांच्या मधली सील, उघडतात. दोषी फिल्टरखाली बसलेला असतो.

हा डबा सार्वत्रिक झाला तो टर्बोमुळे, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्यामुळे. टर्बोच्या बेअरिंगवर ऑइल जळून कोळसा व्हायचं, शिवाय पिस्टनच्या खालून ऑइलची पिचकारी मारणारे जेट आले, म्हणजे पिस्टनची उष्णता थेट ऑइलमध्ये. त्याच सुमारास गाडीचं पोट आवाज आणि हवेचा अडथळा कमी करण्यासाठी आवरणाने झाकलं जाऊ लागलं आणि वाऱ्यात लटकणाऱ्या ऑइल चेंबरला मिळणारा फुकटचा गारवा संपला. दुसऱ्या बाजूने ऑइलच सुधारलं. सिंथेटिक ऑइल १२० अंशांना, जिथे जुनं साधं ऑइल भराभर खराब व्हायचं, बऱ्यापैकी तग धरतं.

२००९ च्या मॉडेलची एक जपानी दोन आसनी स्पोर्ट्स कार या वादात वारंवार येते. मोठं व्ही-६ इंजिन, टर्बो नाही, बाहेरचा कूलरही नाही, पण समोर ऑइलच्या तापमानाचा काटा मात्र होता. ट्रॅकवर काही फेऱ्या मारल्या की काटा १४० अंशांजवळ जायचा आणि संगणक इंजिनचे कमाल आरपीएम कमी करून टाकायचा. पुढे काही आवृत्त्यांत कारखान्यातूनच कूलर आला, आणि 'बघा, चूक कबूल केली' असं मानणारे पुष्कळ झाले. स्पोर्ट्स कार म्हणून विकायची तर ट्रॅकवरचा वापर हिशेबात धरायलाच हवा, हा त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण रस्त्यावर तीच गाडी ९० ते ११० अंशांत निवांत चालायची. तिथे कूलर म्हणजे दोन जादा नळ्या, गळतीच्या चार जागा आणि थंडीत उशिरा तापणारं इंजिन. मला तो मूळ निर्णय बरोबर वाटतो. काटाच नसता तर निम्म्या मालकांना हा प्रश्न पडलाच नसता.

अलीकडे दोन गोष्टींनी समीकरण बदललंय. ०डब्ल्यू-२० सारखी पातळ ऑइलं इंधन वाचवतात, पण १५० अंशांना त्यांची पकड जाड ऑइलपेक्षा कमी असते, म्हणून सतत ओझं ओढणाऱ्या किंवा लांब घाट चढणाऱ्या गाडीत तापमानावर जास्त लक्ष ठेवावं लागतं. ट्रेलर ओढण्याच्या पॅकेजमध्ये जादा कूलर येतो तो याच कामासाठी. आणि हायब्रिडमध्ये इंजिन मधेच बंद पडतं, मधेच चालू होतं, ऑइल पुन्हा पुन्हा निवतं. तिथे फिल्टरखालच्या डब्याचं बरंचसं आयुष्य ऑइल तापवण्यात जातं. सुट्या भागांच्या यादीत त्याचं नाव अजून 'कूलर'च आहे.