एकत्र जेवून भांडण मिटतं का?

ऑफिसात दोन गटांचं बिनसलं की वरिष्ठांचा पहिला उपाय ठरलेला असतो: सगळ्यांना एकत्र जेवायला न्यायचं. हा उपाय १९५४ मध्येच तपासून झाला आहे, आणि तेव्हा तो सपशेल फसला होता.

तुर्कस्तानात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह इथे २२ मुलांचं उन्हाळी शिबिर भरवलं. मुलं अकराएक वर्षांची, एकमेकांना अनोळखी, सगळी सारख्याच मध्यमवर्गीय गोऱ्या घरांतली. भांडायला आयतं कारण कुठलंच नाही. त्यांचे दोन गट केले. सुरुवातीचे काही दिवस तर एका गटाला दुसऱ्याचा पत्ताही नव्हता. मग सामने सुरू झाले. पदकं आणि खिशातले चाकू (हो, चाकू!) जिंकणाऱ्या गटालाच मिळणार, हरणाऱ्यांना काही नाही. खरी मेख इथेच होती. बघता बघता 'ईगल्स'नी 'रॅटलर्स'चा झेंडा जाळला आणि रॅटलर्सनी त्यांच्या खोलीवर धाड घातली.

मग दोघांना एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला. मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. भांडायला आणखी एक जागा मिळाली, एवढंच.

पुढे शिबिराचं पाणी बंद झालं. संशोधकांनीच ते बंद पाडलं होतं. बिघाड शोधायला दोन्ही गट कामाला लागले. पाणी आलं, पण जुनी कुरबुर पुन्हा सुरू झाली. एका प्रसंगावर भागलं नाही. एकट्या गटाला न झेपणारी कामं एकामागून एक यावी लागली. जेवण आणायला निघालेला ट्रक सुरू होईना, तेव्हा पोरांनी रस्सीखेचीचाच दोर बांधून तो ओढला. शिबिर संपवून घरी परतताना रॅटलर्सनी बक्षिसाच्या पाच डॉलरमधून सगळ्यांना माल्टेड मिल्क पाजलं.

ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. मला मात्र तिच्या आदल्या वर्षीचा, न्यूयॉर्क राज्यातला फसलेला प्रयोग जास्त बोलका वाटतो. तिथे मुलांना आधी एकत्र राहू दिलं होतं, मैत्री जमली होती, आणि गट नंतर पाडले. मग संशोधकांनी कळ लावून पाहिली, चोरून खोड्याही काढल्या. पण मुलं एकमेकांवर उलटेनात. उलट हे सगळं मोठ्यांचंच काम असावं, असा त्यांना संशय आला. शेरीफ यांना तो प्रयोग अर्ध्यावर गुंडाळावा लागला.