नाताळचे कुटुंबपत्र

नाताळचे कुटुंबपत्र म्हणजे सरत्या वर्षातील घरची हकीकत एक-दोन पानांत मांडून, त्याच मजकुराच्या अनेक प्रती नातेवाइकांना व स्नेह्यांना पाठवण्याची अमेरिकेत रुजलेली प्रथा. बहुधा हे पत्र शुभेच्छापत्रासोबत एकाच पाकिटात जाते. ब्रिटनमध्येही ते लिहिले जाते.

शुभेच्छापत्रे त्याआधीची. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल यांनी चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्सली यांच्याकडून नाताळचे पहिले विक्रीयोग्य शुभेच्छापत्र करवून घेतले; १८७५ पासून बॉस्टनचे मुद्रक लुई प्रँग यांनी अमेरिकेत ती लोकप्रिय केली. मात्र त्यांवर सही आणि एखादी ओळ एवढेच मावत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर नोकरीसाठी राज्य बदलणारी आणि उपनगरांत घरे घेणारी कुटुंबे वाढली, तेव्हा आजोळ, जुना शेजार आणि महाविद्यालयातील मित्र अशा दूरदूरच्या माणसांना तीच खुशाली पुन्हापुन्हा हाताने लिहिणे जड जाऊ लागले. ही अडचण सायक्लोस्टाइलने सोडवली : स्टेन्सिलवर मजकूर एकदाच टंकलिखित केला की शेकडो प्रती निघत. पुढे झेरॉक्स ९१४ हे यंत्र १९५९ मध्ये आले आणि छायाप्रत सोपी झाली. घरगुती संगणकामुळे मजकुरात छायाचित्रेही आली.

जन्म, विवाह, पदवी, बदली, प्रवास व निधन हे पत्राचे नेहमीचे विषय होत. सर्वांसाठी एकच मजकूर असल्याने तो कोणालाच उद्देशून नाही असे वाटण्याचा धोका असतो, आणि मुलांच्या यशाची यादी लांबली की बढाईचा आरोप होतो. म्हणून वर्षातील सारे सांगण्यापेक्षा दोन-तीन प्रसंग तपशिलाने सांगणे, आजारपण वा नोकरी गेल्याची गोष्ट न लपवणे आणि प्रत्येक प्रतीच्या समासात त्या व्यक्तीसाठी हाताने चार शब्द लिहिणे श्रेयस्कर. या चार शब्दांनीच छापील मजकूर खऱ्या अर्थाने पत्र होतो.

सामान्य कुटुंबे स्वतःचे वर्ष कसे पाहतात हे सांगणारी अशी साधने थोडीच आहेत. नॉर्थ डकोटा राज्य विद्यापीठातील संज्ञापन-अभ्यासक अ‍ॅन बर्नेट यांनी १९६० च्या दशकापासूनची अशी पत्रे तपासली, तेव्हा धावपळीचा आणि वेळ न पुरण्याचा उल्लेख त्यांत वाढत गेलेला आढळला. आपण किती व्यग्र आहोत हे सांगणे प्रतिष्ठेचे झाले होते. समाजमाध्यमांवर घरच्या बातम्या वर्षभर कळत असल्या, तरी कागदावरील किंवा ईमेलने पाठवलेले हे पत्र आजही लिहिले जाते.