हर्नियाच्या ऑपरेशनात जाळी आली कशी?

जांघेतल्या हर्नियाच्या ऑपरेशनाचा इतिहास हा मुख्यतः टाक्यांवर येणाऱ्या ताणाचा इतिहास आहे. पूर्वी बहुतेक रुग्ण कमरेला पट्टा बांधून दिवस काढत. ऑपरेशन झालेच, तर बाहेर आलेली पिशवी बांधून कापत. पोटाची कमकुवत भिंत तशीच राही आणि फुगवटा परत येई.

इटलीतल्या पाडुआ येथे सर्जन एदोआर्दो बस्सिनी यांनी १८८४ पासून ही भिंतच दुरुस्त करायला घेतली. स्नायूंचे थर त्यांनी रेशमी टाक्यांनी खालच्या अस्थिबंधाला (लिगामेंटला) जोडले. कल्पना अचूक होती, अडचण एकच: मुळात दूर असलेल्या कडा ओढून शिवल्या, की खोकल्याच्या प्रत्येक झटक्याला टाका स्नायूला कापत जातो. टोरोंटोत १९४५ मध्ये सुरू झालेल्या शूल्डाइस रुग्णालयाने थरांवर थर चढवून सलग टाके घातले. निकाल उत्तम आले, पण ते सरावलेल्या हातांचे होते.

अमेरिकन सर्जन फ्रान्सिस अशर यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस कमकुवत भाग झाकणारी प्लास्टिकची जाळी वापरात आणली. १९८४ पासून अमेरिकेतलेच सर्जन अर्विंग लिख्टेनश्टाइन यांनी ती प्रत्येक रुग्णात बसवायला सुरुवात केली, तीही फक्त तेवढा भाग बधिर करून. जाळी साधारण ७ × १५ सेंमीची असते. कडा ओढायच्या नाहीत, जाळी सैल ठेवायची आणि जांघेच्या हाडाच्या उंचवट्यापुढे सुमारे २ सेंमी न्यायची. जाळी कालांतराने आक्रसते. इथे कंजुषी केली, तर हर्निया नेमका याच कोपऱ्यातून परततो. १९९०च्या दशकात दुर्बिणीची पद्धत रुजली. तिच्यात जाळी भिंतीच्या आतल्या बाजूला बसते, मात्र बहुधा पूर्ण भूल लागते.

ताण गेल्यामुळे रुग्ण आता त्याच दिवशी चालतो, बहुधा घरीही जातो. कधी वृषणापर्यंत निळसरपणा उतरतो, तो आपोआप ओसरतो. कधी जुन्या जागी पाणी साचून गाठ लागते, ती पाहून हर्निया परत आला असे वाटते. बहुतेकदा ती काही आठवड्यांत जिरते. वजन उचलण्याबाबत सल्ले वेगवेगळे आहेत, आपल्या सर्जनचा पाळावा. खरी काळजी तीन महिन्यांनंतरही राहणाऱ्या दुखण्याची. त्या भागातून जाणाऱ्या तीन नसांपैकी एखादी टाक्यात किंवा व्रणात अडकली, तर ते उद्भवते. ऑपरेशनाआधी या शक्यतेबद्दल सर्जनला जरूर विचारावे.

फारसा त्रास नसलेला पुरुष रुग्ण काही काळ थांबू शकतो. स्त्रियांमध्ये मांडीच्या मुळाशी येणाऱ्या हर्नियात आतडे अडकण्याची भीती जास्त, म्हणून तिथे थांबू नये. फुगवटा कडक झाला, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, तर तातडीने रुग्णालय गाठावे.