डेलनेट म्हणजे इन्फ्लिबनेट नव्हे, आणि कॅटलॉगला दिसलं म्हणजे पुस्तक मिळालं असं नव्हे

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये लायब्ररीचं ओरिएंटेशन होतं, नवीन लागलेला स्टाफ प्रोजेक्टर लावून सांगतो की आपल्याकडे इन्फ्लिबनेट आहे, डेलनेट आहे, सगळं ऑनलाइन मिळतं, आणि मग पीएचडीची मुलं सहा-सहा महिने डेलनेटवर, म्हणजे लायब्रऱ्यांच्या एका नेटवर्कवर, पीडीएफचं बटण शोधत बसतात. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता लिहायलाच बसले.

इन्फ्लिबनेट तुम्हाला माहीतच आहे, शोधगंगा न उघडलेला रिसर्चवाला सापडायचा नाही. विद्यापीठं-कॉलेजांना जर्नल्स आणि प्रबंध ऑनलाइन पोहोचवणारं गांधीनगरचं यूजीसीचं केंद्र. १ जानेवारी २०२५ला सुरू झालेल्या वन नेशन वन सबस्क्रिप्शनचं, म्हणजे ३० प्रकाशकांच्या जवळपास १३ हजार जर्नल्सच्या सरकारी एकत्रित वर्गणीचं कामही तेच बघतं, पण पहिला टप्पा सरकारी संस्थांसाठी आहे, तेव्हा आपलं कॉलेज त्यात आहे का ते आधी विचारा. शोधगंगेत पूर्ण झालेले प्रबंध, शोधगंगोत्रीत चालू संशोधनाचे सिनॉप्सिस, यात फार काही समजून घ्यायचं नाही. एकूण काय, इथे संस्थेला अॅक्सेस असेल तर लॉगिन करा आणि वाचा.

डेलनेटचा जन्मच वेगळ्या कामासाठी झालाय. १९८८ला दिल्लीतल्या लायब्रऱ्यांनी एकमेकींची पुस्तकं वापरता यावीत म्हणून ते सुरू केलं, नावातही तेव्हा 'दिल्ली' होतं, त्याचं 'डेव्हलपिंग' नंतर झालं. तिथे सर्च केल्यावर ज्या कोट्यवधी नोंदी दिसतात त्या बहुतेक छापील पुस्तकांच्या आहेत, ते पुस्तक कुठल्यातरी मेंबर लायब्ररीच्या कपाटात आहे एवढंच ती नोंद सांगते. काही ई-बुक्स आणि जर्नल्सच्या लिंकही तिथेच आहेत, त्यामुळे लोकांना वाटतं सगळंच क्लिक करून उघडतं. (इन्फ्लिबनेटचा इंडकॅट पण असाच कॅटलॉग आहे, तिथेही पुस्तक नाही, पत्ता मिळतो.)

मग ते पुस्तक हातात कसं येतं? आंतरग्रंथालयीन देवघेवीतून, आणि सगळे अडकतात ते इथेच. यात उसनं तुम्ही घेत नाही, तुमची लायब्ररी घेते. मेंबर संस्था असते, व्यक्ती नाही, त्यामुळे घरून डेलनेटला ईमेल टाकून काही होत नाही. मागणी तुमच्या ग्रंथपालांनी टाकायची, पुस्तक तुमच्या लायब्ररीच्या नावावर येणार, फाटलं-हरवलं तर उत्तर तिने द्यायचं. म्हणून तर काही ठिकाणी ते घरी न देता रीडिंग रूममध्येच वाचायला लावतात, त्यावर चिडू नका. समोरची लायब्ररी नाहीही म्हणू शकते, संदर्भग्रंथ आणि दुर्मिळ पुस्तकं सहसा कोणी बाहेर पाठवत नाही, अशा वेळी हव्या त्या प्रकरणाची झेरॉक्स किंवा स्कॅन मिळेल का ते विचारायचं. माझ्या मते तर पहिल्यांदा हेच मागावं, एका प्रकरणासाठी अख्खं पुस्तक दोनदा कुरिअरने फिरवण्यात काय अर्थ आहे.

उशिरा परत करणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. शेजारच्या लायब्ररीत स्वतः जाऊन तिथलं कार्ड काढलं आणि उशीर केला तर दंड एकट्याला बसतो, ते कार्ड प्रकरण वेगळं. इथे एकाने पुस्तक अडवून ठेवलं की पुढच्या वेळी दुसऱ्याच कोणाच्या मागणीला नकार येतो.

आणि नवीन लागलेल्या स्टाफला कळकळीने सांगते, ओरिएंटेशनमध्ये लोगोंची स्लाइड दाखवण्यापेक्षा मागणीचा फॉर्म दाखवा. लेखक, पूर्ण नाव, आवृत्ती, वर्ष, आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक; जुन्या मराठी पुस्तकांना तो नसतो, तिथे प्रकाशक लिहा), आणि अख्खं पुस्तक हवंय की ठरावीक पानं, ती कुठली. कुरिअरचा खर्च कोणी द्यायचा हेही त्याच वेळी सांगून टाका, नाहीतर पुस्तक येऊन पडतं आणि मुलगा घ्यायलाच येत नाही.