रेझिनने टीडीएस उतरतो, पण मीठ कुठे जाते?

तमिळनाडूतील तिरुप्पूर येथे होजियरीचे सुती कापड रंगवताना रंग धाग्यावर नीट चढावा म्हणून रंगाच्या पाण्यात दर लिटरमागे साधारण ४० ते ८० ग्रॅम मीठ किंवा सोडियम सल्फेट घालतात. हे मीठ कापडात राहत नाही. जवळजवळ सगळे सांडपाण्यात उतरते. ईटीपीमध्ये (सांडपाणी शुद्धीकरण संयंत्रात) जिवाणू सेंद्रिय घाण पचवतात आणि गाळणी गाळ अडवते, परंतु विरघळलेले क्षार, म्हणजे कारखान्यात सगळे ज्याला टीडीएस म्हणतात ते, जसेच्या तसे पुढे जातात. नोय्यल नदीच्या प्रदूषणाचे प्रकरण अखेर न्यायालयात गेले आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगाईचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला.

हे क्षार आयन-विनिमयाने, म्हणजे रेझिनवर पाण्यातले आयन (विद्युतभारित कण) बदलून घेऊन, काढता येतात का, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. काढता येतात, मात्र त्याचा हिशेब आधी मांडावा लागतो.

रेझिन म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढे पॉलिस्टायरीनचे मणी. धन आयन पकडणाऱ्या रेझिनच्या साखळ्यांवर ऋण भाराचे सल्फोनिक गट पक्के बसवलेले असतात आणि त्यांना हायड्रोजन आयन सैल बिलगून असतात. मिठाचे पाणी त्यातून गेले की सोडियम मण्याला चिकटतो व हायड्रोजन सुटतो, त्यामुळे पहिल्या टाकीतून बाहेर येते ते पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल. दुसऱ्या टाकीतील रेझिन क्लोराइड पकडून हायड्रॉक्सिल आयन सोडते. हायड्रोजन व हायड्रॉक्सिल मिळून पाणी तयार होते आणि टीडीएस खरोखर उतरतो. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. पहिल्या टाकीनंतर हातातला टीडीएस मीटर पाण्यात बुडवला, तर आकडा कमी होण्याऐवजी चढलेला दिसतो, कारण मीटर क्षारांचे वजन करत नाही, तो विद्युतवाहकता मोजतो आणि हायड्रोजन आयन सोडियमच्या सुमारे सातपट वीज वाहतो.

घरगुती किंवा बॉयलरच्या सॉफ्टनरमध्येही रेझिनच असते, पण ते कॅल्शियमच्या बदल्यात सोडियम सोडते. वजनाने पाहिले तर २० मिलिग्रॅम कॅल्शियमच्या जागी २३ मिलिग्रॅम सोडियम येतो. पाणी मृदू होते, टीडीएस मात्र किंचित वाढतो. तरीही सॉफ्टनर बसवून टीडीएस उतरवण्याची आशा करणारे लोक भेटतात.

आता रंगाईच्या सांडपाण्याकडे वळू. त्यात लिटरला ५,८५० मिलिग्रॅम मीठ आहे असे धरले, तर एक लिटर रेझिन, त्याची प्रत्यक्ष कामातली क्षमता साधारण एक इक्विव्हॅलंट (म्हणजे ५८.५ ग्रॅम मीठ पकडण्याइतकी) मानून, जेमतेम १० लिटर पाणी शुद्ध करून संपते. मग ते आम्लाने ‘रिजनरेट’, म्हणजे पूर्ववत, करायचे आणि उरलेले आम्ल धुऊन काढायचे. या धुण्यालाच रेझिनच्या आकारमानाच्या पाच-दहापट पाणी लागते. म्हणजे जेवढे पाणी मिळवले, त्यातले निम्मे किंवा त्याहून अधिक धुण्यात गेले. रसायनांचा हिशेब त्याहून वाईट आहे. एक घनमीटर पाण्यातील ५.८५ किलो मीठ काढायला, काहीही वाया गेले नाही असे मानले तरी, ३.६५ किलो हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ४ किलो कॉस्टिक सोडा लागतो. एका टाकीतून पकडलेला सोडियम हा सोडियम क्लोराइड होऊन बाहेर पडतो, दुसऱ्या टाकीतून क्लोराइडही सोडियम क्लोराइड होऊनच बाहेर येतो, आणि काढले त्याच्या दुप्पट, म्हणजे ११.७ किलो मीठ रिजनरेशनच्या पाण्यात जमा होते. प्रत्यक्षात आम्ल व सोडा या आकड्यांहून जास्तच घालावे लागतात. शिवाय उरलेला रंग ऋण आयन पकडणाऱ्या रेझिनमध्ये रुतून बसतो व धुऊनही सहजी निघत नाही.

याउलट पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅमच मीठ असेल, तर तेच एक लिटर रेझिन सुमारे ३०० लिटर पाणी करते. म्हणून वीजनिर्मिती केंद्रांतील बॉयलरसाठी आयन-विनिमय इतकी वर्षे टिकून आहे. सांडपाण्यातही क्षार कमी असतील किंवा एखादा आयन मौल्यवान वा विषारी असेल, तेथे ही पद्धत शोभते. इलेक्ट्रोप्लेटिंगच्या कारखान्यात वस्तू धुतलेल्या पाण्यातून निकेल किंवा क्रोमेट पकडून, रिजनरेशनच्या संहत द्रावातून ते परत मिळवता येतात.

एका बाबतीत मात्र एकूण क्षार खरोखर कमी होतात. पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट असेल, तर कार्बॉक्सिलिक गटाचे सौम्य आम्लधर्मी रेझिन कॅल्शियम पकडून हायड्रोजन सोडते, त्या हायड्रोजनमुळे बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो हवेत उडवून लावता येतो. क्षाराचा एक भाग वायू होऊन निघून जातो. असे रेझिन सिद्धांतात सांगितलेल्या प्रमाणाहून थोड्याच जास्त आम्लात पूर्ववत होते, ही त्याची दुसरी जमेची बाजू.

खाऱ्या सांडपाण्यासाठी तिरुप्पूरने पत्करलेला मार्ग म्हणजे आधी जैविक शुद्धीकरण, मग आरओ, आणि आरओने मागे टाकलेल्या खाऱ्या पाण्यासाठी बाष्पीभवन. या साखळीत रेझिनला आरओच्या आधी जागा मिळते. कॅल्शियम व मॅग्नेशियम तेथेच काढले, तर आरओच्या पटलावर पापुद्रा बसत नाही आणि दर १०० लिटरमागे अधिक पाणी वसूल होते. मागे राहणारे संहत मिठाचे पाणीही कॅल्शियममुक्त व रंगहीन असेल, तर पुन्हा रंगाईच्या टाकीत वापरता येते. त्यात कॅल्शियम राहिले, तर कापडावर डाग पडतात.